नळाला आलेली गंगा

पर्यटनाच्या कुठल्याही नकाशात पुंडलिकनगर नाही, आणि त्यात नकाशावाल्यांची काही चूक नाही. छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा हॉटेलात सामान टाकतो, एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, मधल्या संध्याकाळी बिबी का मकबरा, वेळ उरलाच तर पाणचक्की, आणि जाताना एखादी हिमरू शाल. जालना रोडने विमानतळाकडे निघालेली त्याची गाडी सेव्हन हिलचा उड्डाणपूल उतरते, तेव्हा आमची वसाहत उजव्या हाताला अगदी जवळ असते. वळून बघावं असं तिथे काही नाही. एकाला एक लागून दोन-अडीच मजली घरं, गच्चीगच्चीवर काळ्या-पांढऱ्या टाक्या, विजेच्या तारांचा गुंता.

मी मात्र माहेरी गेले की मकबऱ्याकडे फिरकत नाही. मला पुंडलिकनगरच पाहायचं असतं. लग्नापर्यंत तिथेच राहिले, तेव्हा यातलं काही दिसलं नाही. पुण्यात चोवीस तास नळ वाहताना पाहिला आणि मग माहेरच्या गोष्टी अजब वाटायला लागल्या.

पत्त्यांपासून सुरुवात करते. आमच्या भागात पत्ता म्हणजे जे आता नाही त्याची आठवण. सूतगिरणी चौकात रिक्षावाले 'सूतगिरणी, सूतगिरणी' ओरडतात, पण गिरणीचा भोंगा ऐकलेला माणूस आता शोधावा लागतो. मोंढा नाक्याचंही तसंच, जकात कधीच गेली पण नाका जागच्या जागी आहे. सिडकोच्या हद्दीत तर पत्ता गणिताच्या पेपरासारखा: एन-३, एन-४, एन-५. नवख्या माणसाला वाटतं आकडे एकाच बाजूला ओळीने लागत असतील. जालना रोडच्या एका बाजूला एन-४ आणि रस्ता ओलांडला की एन-५, हे इथल्या पोरांना पाढ्यांबरोबर पाठ असतं.

एन-४ कुठे संपतं आणि पुंडलिकनगर कुठे सुरू होतं, हे पाटी न वाचता कळतं. सत्तरच्या दशकात सिडकोने नवीन औरंगाबाद आखलं तेव्हा आधी रस्ता काढला आणि मग घरं बांधली. आमच्याकडे उलटं झालं. गारखेड्याच्या आसपासच्या शेतजमिनी गुंठ्या-गुंठ्याने विकल्या गेल्या. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. वीस बाय तीसचा प्लॉट काढला की उरलेल्यात गल्ली, नाली आणि शेजाऱ्याशी वाद. कागद म्हणाल तर बाँडवरचा करार. अशा वसाहती नियमित करण्याचा गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, तोवर आमच्या गल्लीतली पोरं दहावी-बारावी होऊन गेली होती. ऐंशीच्या दशकात आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, इथे प्लॉट घेतला तेव्हा ते चिकलठाणा एमआयडीसीत वॉचमन होते. रात्रपाळी करून सायकलवर यायचे आणि प्लॉटच्या कडेला उभं राहून गवंड्याला सूचना द्यायचे. पहिली सूचना पायाबद्दल नव्हती. ती हौदाबद्दल होती.

हे आमच्या वसाहतीचं खरं वास्तुशास्त्र. घराखाली हौद असतो असं म्हणण्यापेक्षा हौदावर घर असतं. सहाशे फुटांच्या प्लॉटमध्ये अंगण कुठून आणणार? मग हौद येतो बैठकीत. आमच्या हॉलमध्ये दिवाणाच्या पायथ्याशी फरशीत दोन फुटी चौकोन आहे, त्यावर लोखंडी झाकण आणि झाकणावर सतरंजी. एकदा थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते, पोहे खाऊन झाले आणि नेमकं पाणी आलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, हात जोडून म्हणाले, "जरा उठता का दोन मिनिटं, झाकण काढायचंय." मुलाकडचे सगळे भिंतीला टेकून उभे, मधोमध उघडा हौद, त्यात पाइपातून धो धो पडणारं पाणी. मुलाचे वडील वाकून बघत म्हणाले, "चांगला खोल आहे." तिथेच लग्न जमलं. ते जवळच्याच मुकुंदवाडीचे होते, त्यांच्या घरी हौद स्वयंपाकघरात आहे.

झाकणाशेजारी कोपऱ्यात अण्णांची काठी उभी असते. वेताची, पुरुषभर उंचीची, खालपासून वरपर्यंत लाल ऑइलपेंटच्या रेघा. काठी सरळ हौदात सोडायची, तळाला टेकली की वर काढायची आणि ओली रेघ मोजायची. सगळ्यात खालच्या रेघेला अण्णा 'टँकर' म्हणतात, कारण तिथे पाणी गेलं की टँकरवाल्याला फोन. तिच्या वरची 'गोधड्या नको'. त्याहून वरची 'पाहुणे चालतील'. लहानपणी मला वाटायचं काठी सगळ्यांच्याच घरी असते आणि सगळ्यांच्या काठीवर याच रेघा असतात. शेजारच्या काकूंकडे दोरीला बांधलेला दगड होता. त्या हौद किती भरला हे आवाजावरून सांगायच्या.

काठीइतकीच जपलेली दुसरी वस्तू म्हणजे जुनी कालनिर्णय. आईने एकही फेकलेलं नाही. पलंगाच्या पेटीत सुतळीने बांधलेला गठ्ठा आहे. या खेपेला दुपारी सगळे झोपल्यावर तो सोडून बसले. पाण्याच्या तारखांना निळ्या पेनाचा गोल. ज्या दिवशी यायला हवं होतं आणि आलं नाही त्या दिवशी गोलावर फुली. मधेमधे दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, 'मोठी आई डोळे तपासणे', 'शाळा फी', एका मे महिन्यात नुसतं 'टँकर टँकर'. नुसत्या गोलांमधलं अंतर बघितलं तरी शहर कसं वाढत गेलं ते कळतं. आधीच्या कॅलेंडरांत गोल दिवसाआड आहेत, पुढे ते तीन दिवसांवर जातात, मग पाच, मग आठ, आणि काही उन्हाळ्यांत त्याच्याही पुढे. ह्याच वर्षांत आमच्या भोवती हनुमाननगर, जयभवानीनगर, विश्रांतीनगर दाटत गेली. पाण्याची मोठी लाइन मात्र १९७० च्या दशकातली एक आणि नव्वदच्या दशकातली दुसरी, त्यावरच एवढं शहर.

पाण्याचा दिवस उजाडतो तो आवाजाने. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. आधी बारीक शीळ, मग फुसफुस, मग दोन-तीन उचक्या, आणि मग गढूळ धार. गल्लीत कोणी ना कोणी त्या शीळेवर झोपलेलं असतं. पूर्वी पोरांना चौकात बसवायचे. लाईनमन व्हॉल्व्हकडे जाताना दिसला की पोरगं पळत यायचं. आता ग्रुपवर मेसेज पडतो आणि पाच मिनिटांत सगळ्या मोटारी एका सुरात घुमायला लागतात. ज्याची मोटार मोठी त्याच्याकडे जास्त पाणी. गल्लीच्या टोकाचा मग चडफडतो, "सगळं पाणी वरच ओढू राहिले ना!" म्हणून ऐन पाण्याच्या वेळी लाईट गेली की टोकाकडची घरं खूश होतात. मोटारी गप्प होतात आणि पाणी आपल्या चालीने सगळीकडे पोचतं. लाईट गेल्याचा आनंद मानणारी माणसं मी इथेच पाहिली.

या दिवसाचे रीतिरिवाज आहेत. पाण्याच्या दिवशी कोणी कोणाकडे बसायला जात नाही. मयत वगळता कुठल्याही कार्यक्रमाला 'पाणी होतं' हे कारण चालतं, आणि ते खोटं आहे असं मनात असलं तरी कोणी बोलून दाखवत नाही. हळदीची तारीख काढताना गुरुजींबरोबर लाईनमनलाही विचारतात. आमच्या मामेभावाच्या हळदीला दोन्ही मुहूर्त जुळले होते, त्याचं कौतुक अजून चालतं.

आमच्या घरात आणखी एक रीत होती, ती फक्त आमचीच. मोठी आई, म्हणजे अण्णांची आई, नळाला पहिली धार आली की तिला हळदीकुंकू वाहायची. 'नळाला पाणी आलं' असं ती कधीच म्हणाली नाही. ती म्हणायची, "गंगा आली."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिच्या काठाला गंगथडी. मोठी आई गंगथडीची. तिचं सासर नदीच्या इतकं काठावर होतं की पावसाळ्यात रात्री पाण्याचा आवाज ऐकत झोपायचे. मग जायकवाडीचं धरण आलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, मागे नाथसागर. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा तालुक्यांतली कितीतरी गावं त्याच्या पोटात गेली, त्यात आमचं एक. मोबदला मिळाला, वरच्या अंगाला हलकी जमीन मिळाली, ती पिकेना. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी आणि लाल मिलो खाऊन काढलेली माणसं होती ती. पण दुष्काळात निदान गाव जागेवर होतं, असं आबा म्हणायचे. शेवटी बोचकी बांधून सगळे शहरात आले.

आणि शहराने पाणी आणलं ते नाथसागरातून. म्हणजे आमच्या नळाला जे आठ दिवसांनी यायचं ते आमच्याच उंबऱ्यावरचं पाणी. मोठ्या आईला हे कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. टँकरच्या दिवसांत ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "माझ्या घरावरून येतं पाणी आणि मलाच मेलं वाट पाहायला लावतं." धरणग्रस्तांच्या प्रश्नावर मी पुढे बरंच वाचलं. याहून नेमकं वाक्य सापडलं नाही.

हे पाणी येतं कसं ते एकदा तरी पाहावं म्हणून या वेळी अण्णांना घेऊन निघाले. आधी मात्र पाणचक्कीला गेलो, कारण अण्णांचं म्हणणं, "उलटं समजून घ्यायचं असेल तर आधी सुलटं पाहा." मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे हे शहर. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, निजामशाहीचा वजीर झाला आणि कोरड्या खडकाळ जागी राजधानी मांडली. पाण्यासाठी त्याने उत्तरेच्या डोंगरातून नहर आणली. जमिनीखालून, उताराने, कुठेही पाणी उपसावं न लागता. वाटेत जागोजागी मनोरे उभे केले, कारण नळात हवा अडकली की पाणी अडतं. आमच्या नळातली पहाटेची शीळ चारशे वर्षांपूर्वी अंबरच्या कारागिरांनी ओळखलेली होती. पाणचक्की नंतरची, अठराव्या शतकातली, पण युक्ती तीच. हर्सूलच्या अंगाने खापरी नळांतून येणारं पाणी भिंतीवर चढवायचं, तिथून खाली सोडायचं आणि त्या जोरावर जातं फिरवायचं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी तिथे पीठ दळलं जायचं. हौदाच्या खाली दालन आहे, भर उन्हातही ते गार असतं. हौदावर घर बांधण्यात आम्ही पहिले नाही, हे तिथे कळलं.

तिथून पैठणचा रस्ता धरला. नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन. वाटेत फारोळ्याचं जलशुद्धीकरण केंद्र. अंबरचं पाणी उंचावरून खाली आलं, आमचं खालून वर येतं. नाथसागर काठोकाठ भरला तरी त्याची पातळी १५२२ फूट, आणि शहर त्याहून तीनेकशे फूट उंच. पन्नासेक किलोमीटर पंप लावून चढवायचं. वीज गेली, पंप थांबला, पाइप फुटला, की पुंडलिकनगरच्या कालनिर्णयावर फुली. डिसेंबर २०२० मध्ये नव्या योजनेचं भूमिपूजन झालं; १६८० कोटींची ती योजना पुढे २७४० कोटींवर गेली. तिच्या मुख्य लाइनचे पाइप अडीच मीटर व्यासाचे. तसला एक पाइप रस्त्याच्या कडेला दिसल्यावर अण्णांनी गाडी थांबवायला लावली. आत शिरून ताठ उभे राहिले, हात वर केला, टोक लागेना. "एवढं आलं तर हौद बुजवावा लागेल," म्हणाले. आवाजात आनंद होता की काळजी, ते मला ठरवता आलं नाही.

पैठणला गावातल्या नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने देव एकनाथांच्या घरी कावडीने पाणी वाहत होता, अशी श्रद्धा. तुकाराम बीजेपासून भाविक तो रांजण भरायला लागतात, नाथषष्ठीच्या सुमारास तो भरून वाहायला लागला की देवाची कावड पडली असं मानतात. मोठी आई चालत होती तोवर दर वर्षी एक कळशी घालायला यायची. रांजण भरायला इतके दिवस लागतात याचं मला लहानपणी नवल वाटायचं नाही. आमचा हौदही तसाच भरायचा.

धरणाच्या भिंतीवरून अण्णांनी पाण्यात एका दिशेला बोट दाखवलं, "तिकडं." तिकडे नुसतं पाणी होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यावर आला, गाळातून जुन्या भिंती, पार, देवळांचे चौथरे वर आले, तेव्हा ते मोठ्या आईला घेऊन गेले होते. भेगाळलेल्या गाळातून दोघांच्या खांद्यावर भार देत ती चालली. मारुतीच्या पारावरून तिने दिशा धरली, पारापासून पावलं मोजली आणि एका जोत्यापाशी थांबली. सगळ्यांना वाटलं आता रडेल. ती बराच वेळ जोत्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढुसंच होतं का रे आपलं घर?" मग जोत्याच्या कोपऱ्यात पायाने गाळ उकरून दाखवलं, इथे रांजण होता. त्या पावसाळ्यात सगळं पुन्हा पाण्याखाली गेलं. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली.

परतताना अण्णा म्हणाले, शहरात चौकाचौकाला नावं आहेत, बुडालेल्या गावांची नावं कुठेच नाहीत. मला ते पटलं. पुंडलिकनगरच्या जलकुंभाजवळून रोज हजारो माणसं जातात. त्याला पुढच्या वेळी रंग देतील तेव्हा, कोणाच्या कारकिर्दीत कोणाच्या हस्ते हे लिहून झाल्यावर, खाली जागा उरेल. तिथे नाथसागरात गेलेल्या गावांची नावं लिहावीत. ऑइलपेंटने लिहिली तरी चालतील, अण्णांची काठी इतकी वर्षं टिकली आहे.

तुम्हाला लेणी पाहून झाल्यावर अर्धा दिवस मोकळा असेल तर जरूर या. सिडको बसस्टँडवरून रिक्षा करा, गजानन महाराज मंदिर चौकात उतरा, शक्यतो गुरुवार सोडून, त्या दिवशी मंदिरामुळे चौकात पाय ठेवायला जागा नसते. तिथून आत पुंडलिकनगर रोडला लागलात की कोणालाही विचारा, पाण्याचा दिवस कधी. तारीख, वेळ आणि मागच्या वेळी किती उशीर झाला, तिन्ही माहिती मिळेल. कोणी घरात बोलावलं तर जा. चहाआधी पाण्याचा तांब्या येईल. तहान असेल तेवढंच ओतून घ्या.